जाळीच्या आत आणि जाळीच्या बाहेर

(संस्थेच्या हितचिंतकांच्या पावसाळ्यापूर्वीच्या मेळाव्यात केलेले भाषण. मेळाव्याला येऊ न शकलेल्या वाचकांसाठी येथे देत आहोत. – संपादक)



दरवर्षी या मेळाव्यात मी गावांची माहिती देते, हिशेब वाचून दाखवते आणि तुमचे आभार मानते. यंदा थोडे वेगळे बोलणार आहे, आणि त्याला कारण झाले आहे एक पत्र. आपल्याच एका मंडळीतल्या वयोवृद्ध भगिनींनी मला ते लिहिले. दर महिन्याला आपल्या निवृत्तिवेतनातून त्या या कामासाठी पैसे बाजूला काढतात. त्यांनी विचारले आहे, "आमच्या देणगीतून तुम्ही औषध लावलेल्या मच्छरदाण्या घेता. देवाने कडुनिंब, तुळस, निरगुडी अशी झाडे दिलेली असताना गरीब आदिवासींच्या घरात रसायने कशाला? निसर्गाचाच उपाय का करत नाही?"

प्रश्न प्रेमातून आलेला आहे, आणि हा प्रश्न एकट्या त्यांचाच नाही. प्रत्येक मंडळीत मला तो कोणीतरी विचारतेच. एकेकाळी मी स्वतःच तो विचारत होते. म्हणून आज त्याचे उत्तर सविस्तर देते. त्यासाठी मला माझी एक चूकही सांगावी लागेल.

आधी गडचिरोलीची गोष्ट. महाराष्ट्रातल्या मलेरियाच्या रुग्णांपैकी फार मोठा वाटा या एकाच जिल्ह्याचा असतो, आणि त्यातही भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची अशा जंगलातल्या तालुक्यांचा. भामरागडजवळ इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या एकत्र येतात. पावसाळ्यात नाले भरले की कित्येक गावांचा रस्ता तुटतो. रस्ता तुटण्याचा काळ आणि ताप वाढण्याचा काळ साधारण एकच असतो.

डास सगळे सारखे नसतात, हे मलाही तिथे जाऊनच कळले. तुमच्या शहरात डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि घरातल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स गटाराच्या घाण पाण्यात वाढतो. मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफेलीस संध्याकाळ झाल्यापासून पहाटेपर्यंत चावतो. आमच्या भागात त्याच्या दोन जाती महत्त्वाच्या आहेत. एक भातखाचरात, डबक्यात, नदी आटताना खडकांत उरलेल्या पाण्यात वाढते. दुसरी संथ वाहणाऱ्या नाल्याच्या गवताळ काठाशी वाढते. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मलेरियाही एका प्रकारचा नसतो. आमच्याकडे फाल्सिपेरम जातीचा मलेरिया पुष्कळ आढळतो. उपचाराला उशीर झाला तर तो एका दिवसातही गंभीर रूप घेऊ शकतो. मेंदूपर्यंत गेला की मूल बेशुद्ध होते, त्याला झटके येतात.

आता माझी चूक सांगते.

सुमारे दहा वर्षांपूर्वी मी या कामात नवीन होते. धर्मशिक्षणाची पदविका घेतलेली होती, सामाजिक कामाचा थोडाफार अनुभव होता आणि उत्साह तर भरपूर होता. एका प्रशिक्षणात वनस्पतींच्या उपायांबद्दल ऐकले आणि मला वाटले, हेच आपले काम. खर्च नाही, बाहेरचे काही नाही, सगळे देवाच्या अंगणातले. एटापल्ली तालुक्यातल्या एका लहान गावात मी महिलांची बैठक घेतली. कडुनिंबाचा आणि निरगुडीचा पाला वाळवा, संध्याकाळी घरात त्याचा धूर करा, डास येणार नाहीत, असे सांगितले. त्या बायका माझ्यापेक्षा जंगल कितीतरी अधिक जाणत होत्या, पण मी शहरातून आलेली शिकलेली बाई. त्यांनी ऐकले.

त्याच वर्षी सरकारी मच्छरदाण्या वाटल्या गेल्या होत्या. मी त्यांच्याविषयी वाईट काहीच बोलले नाही. चांगलेही काही बोलले नाही. चूक झाली ती इथे.

भाद्रपदात त्या गावातला सहा वर्षांचा एक मुलगा तापाने फणफणला. पहिला दिवस पुजाऱ्याकडे गेला, दुसऱ्या दिवशी नाल्याला पूर होता. तिसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांनी आणि काकांनी त्याला खाटेवर घालून नाला ओलांडला, मग मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणले. बोटातल्या रक्ताच्या थेंबाची तपासणी केली तर फाल्सिपेरम. तोवर मुलगा हाकेला ओ देत नव्हता. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात मी त्याच्या आईजवळ बसले होते. तिला विचारले, मच्छरदाणी होती ना घरात? ती म्हणाली, "होती. याच्या बापानं मासे धराले नेली. ताई, तुमीच त सांगतलं होतं, पाल्याचा धूर केला का मच्छर येत नाही. आमी रोज करत होतो."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती मला फक्त सांगत होती, की तुम्ही सांगितले तसे आम्ही वागलो. मला मात्र त्यानंतर बराच वेळ मान वर करता आली नाही.

दोन रात्री तो मुलगा बेशुद्ध होता. प्रभूच्या कृपेने आणि डॉक्टर-परिचारिकांच्या कष्टाने तो वाचला. आज तो आश्रमशाळेत शिकतो. पण त्या दोन रात्री मी जी प्रार्थना केली, तिच्यात "याला वाचव" एवढेच नव्हते. "मी न तपासता जे सांगितले, त्याची क्षमा कर" हेही होते. त्या दिवसापासून मी ठरवले, की देवाच्या नावाने किंवा निसर्गाच्या नावाने लोकांना काहीही सांगण्याआधी ते खरे आहे का, किती खरे आहे, हे तपासायचे.

म्हणून तपासू लागले, जाणत्यांना विचारू लागले, वाचू लागले. त्यातून जे हाती आले ते तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट, वनस्पतींना कमी लेखू नका. मलेरियाविरुद्धची मोठी औषधे वनस्पतींतूनच मिळाली आहेत. सतराव्या शतकात दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशातून सिंकोना झाडाची साल युरोपात पोचली, ती येशूसंघी मिशनऱ्यांमुळे. तिला 'येशूसंघीयांची साल' असेच म्हणत, आणि त्या नावामुळेच प्रोटेस्टंट इंग्लंडमध्ये पुष्कळांनी तिच्यावर संशय घेतला. देवाच्या देणगीवर आपण आपल्या भांडणांचा रंग चढवतो तो असा. १८२० साली फ्रान्समधल्या दोन औषधशास्त्रज्ञांनी त्या सालीतून क्विनीन वेगळे काढले. पुढे चीनमध्ये तू योयो या संशोधक बाईंनी जुन्या वैद्यक ग्रंथातल्या एका सूचनेवरून आर्टेमिसिया नावाच्या झुडपातून आर्टेमिसिनिन मिळवले. त्याबद्दल २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज फाल्सिपेरमच्या रुग्णाला तीन दिवस जी गोळी देतात, तिच्यातले मुख्य औषध त्या झुडपाच्या कुळातले आहे.

आणि ज्या मच्छरदाणीबद्दल आपल्या भगिनींनी विचारले, तिचेही मूळ एका फुलात आहे. शेवंतीच्या जवळच्या नात्यातले एक पांढरे फूल आहे, त्याला पायरेथ्रम म्हणतात. ते वाळवून केलेल्या भुकटीने किडे मरतात, हे लोकांना फार पूर्वीपासून माहीत होते. उन्हात त्या भुकटीचा गुण लवकर जातो, म्हणून शास्त्रज्ञांनी तिच्यातल्या द्रव्याच्या धर्तीवर टिकाऊ द्रव्ये तयार केली. १९७० च्या दशकात त्यांतली महत्त्वाची द्रव्ये निघाली, आणि तीच आज मच्छरदाणीच्या धाग्यात असतात. म्हणजे एका बाजूला देवाचा निसर्ग आणि दुसऱ्या बाजूला माणसाचे रसायन, अशी सरळ रेघ ओढता येत नाही. देवाने फूल दिले, आणि फुलाचा अभ्यास करणारी बुद्धीही त्यानेच दिली.

पण हेही लक्षात घ्या. झाडात औषध असते, याचा अर्थ झाडाचा पाला चघळला की औषध मिळते असा होत नाही. आर्टेमिसियाचा काढा पिऊन मलेरियावर उपचार करू नये, असेच जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. काढ्यात औषधाचे प्रमाण किती उतरते याचा भरवसा नसतो. अपुऱ्या औषधाने ताप थोडा दबतो, जंतू मरत नाहीत, आणि मोलाचे दिवस हातचे जातात.

आता डासांना दूर ठेवण्यासाठी वनस्पतींचा उपयोग किती, ते एकेक करून पाहू.

धुराचे सांगते. पाल्याच्या धुराने डास थोडा वेळ कमी होतात, हे खरे. पण त्यामुळे मलेरिया टळतो, असा भरवशाचा पुरावा मिळत नाही. चूल आधीच घरात, खिडकी नाही, त्यात हा धूर. तो तान्ह्या बाळाच्या आणि दमेकरी आजीच्या छातीत जातो. शहरात आपण लावतो त्या कॉइलचेही तसेच. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. म्हणून बंद खोलीत धूर नको, मग तो पाल्याचा असो की कॉइलचा. अंगणात, वाऱ्याच्या बाजूला, बसण्याच्या जागेपासून थोडा दूर असेल, तर तेवढे चालेल.

कुंडीतल्या झाडांचे सांगते. रोपवाटिकेत 'डास पळवणारे झाड' म्हणून काही रोपे विकतात. तुळस, गवती चहा, झेंडू यांच्याबद्दलही आपण तसे ऐकतो. झाड नुसते खिडकीत उभे राहिल्याने डास पळत नाहीत. डासांना जे नको असते ते त्या पानातले तेल, आणि पान चुरडल्याशिवाय ते पुरेसे बाहेर येत नाही. तुळस जरूर लावा, पण तिच्या भरवशावर झोपू नका.

अंगाला लावायच्या तेलांचे सांगते, कारण वनस्पतींचा खरा उपयोग इथे आहे. १९९३ साली दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. खोबरेल तेलात दोन टक्के कडुनिंबाचे तेल मिसळून अंगाच्या उघड्या भागाला लावले, तर अ‍ॅनोफेलीस डासांपासून सुमारे बारा तास संरक्षण मिळाले, असे त्यांना आढळले. पुढे इतरांनी केलेल्या सगळ्याच चाचण्यांत इतके चांगले फळ दिसले नाही. कुठे काही तास, कुठे त्याहून कमी. सिट्रोनेला गवताच्या तेलाचा वास छान येतो, पण ते फार लवकर उडून जाते. अमेरिकेत २००२ साली झालेल्या एका चाचणीत सिट्रोनेलाच्या उत्पादनांनी सरासरी वीस मिनिटेही संरक्षण दिले नाही, आणि डीईईटी या रासायनिक द्रव्याने सुमारे पाच तास दिले. लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून केलेले एक द्रव्य मात्र चांगले टिकते. ते आणि आपण सर्दीला हुंगतो ते निलगिरी तेल एक नव्हे, आणि तीन वर्षांखालच्या मुलांना ते लावायचे नसते.

आमच्या गावांत कडुनिंब तसा कमीच. तो कोरड्या मुलखातला वृक्ष. आमच्याकडे नाल्याकाठी करंज भरपूर. माझ्या त्या चुकीनंतर दोन वर्षांनी, दुसऱ्या एका गावात, एका म्हाताऱ्या आजीने मला करंजाच्या तेलाचा उपयोग शिकवला. संध्याकाळी ती अंगणात बसायची तेव्हा घोट्यापासून खाली आणि कोपरापासून बोटांपर्यंत करंजाचे तेल चोळून बसायची. मी विचारले, घोट्यालाच का? ती हसली आणि म्हणाली, "बसला माणूस का मच्छर पायालेच चावते. तू पाय पाह्यले का कधी?" मी कधी पाहिले नव्हते. त्या संध्याकाळी मी माझे पाय पाहिले, आणि तिचे म्हणणे तंतोतंत खरे होते. नंतर मी तिला विचारले, "मग रात्री?" ती म्हणाली, "रातीले जाळी हाय ना." दहा पुस्तके वाचून मला जे समजत आले होते, ते तिने चार शब्दांत सांगितले.

जाळी झोपलेल्या माणसाला वाचवते. पण आमचा माणूस दिवस मावळल्याबरोबर झोपत नाही. संध्याकाळी सातपासून दहापर्यंत तो अंगणात असतो. स्वयंपाक, जेवण, गप्पा, सणाला रेला नाच. भाद्रपद-आश्विनात धान उभे असते तेव्हा रानडुकरे राखायला बापलेक रात्रभर मचाणावर असतात. उन्हाळ्यात मोह वेचायला पहाटे अंधारात बाया जंगलात जातात. तेंदूपानांच्या दिवसांत कुटुंबेच्या कुटुंबे घर सोडून राहतात. या सगळ्या वेळी जाळी घरात टांगलेली असते आणि माणूस बाहेर असतो. तेलाची जागा तिथे आहे. जिथे जाळी पोचत नाही तिथे तेल, जिथे जाळी पोचते तिथे जाळीच.

उरली डासांच्या अळ्यांची गोष्ट. निंबोळीच्या अर्काने अळीची कात टाकण्याची क्रिया बिघडते आणि तिचा डास होत नाही. आपले शेतकरी पिकावरच्या किडीसाठी पाच टक्के निंबोळी अर्क करतात, म्हणजे शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळीचे चूर्ण. ते तत्त्व इथेही लागू आहे. पण उन्हात हा अर्क काही दिवसांतच निकामी होतो, म्हणून दर आठवड्याला पुन्हा टाकावा लागतो. सांडपाण्याचा खड्डा, वापरात नसलेले डबके यांच्यासाठी तो ठीक आहे. पिण्याच्या पाण्यात मात्र तो कधीच टाकायचा नाही. आणि मघाशी लक्षात ठेवा म्हटले ते आता आठवा. आमचा एक डास वाहत्या नाल्याच्या काठी वाढतो. मैल-मैल वाहणाऱ्या नाल्यात कोण किती अर्क ओतणार? म्हणून जंगलातल्या गावात केवळ अळ्या मारून मलेरिया जाईल, ही आशा खोटी आहे. गावातली डबकी बुजवायची, हातपंपाखालचे पाणी वाहते करायचे, शक्य तिथे गप्पी मासे सोडायचे, एवढे करतोच. पण भिस्त जाळीवर, आणि ताप आल्याबरोबर तपासणीवर.

'नैसर्गिक' या शब्दाबद्दलही एक इशारा द्यायचा आहे. धोतरा नैसर्गिक आहे, कण्हेरही नैसर्गिक आहे. आमच्या भागात गेळफळ कुटून पाण्यात टाकतात तेव्हा मासे गुंगून वर येतात, तेही नैसर्गिकच. कडुनिंबाचे तेल लहान बाळाला पाजल्याने झटके येऊन बाळे दगावल्याची नोंद वैद्यकात आहे. म्हणून आम्ही प्रत्येक बैठकीत सांगतो, की हे तेल लावायचे, प्यायचे नाही. तान्ह्या बाळाला लावायचेही नाही. त्याला जाळीत ठेवायचे. मोठ्यांनी आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस पाहायचे, आग झाली किंवा पुरळ उठले तर पुन्हा लावायचे नाही.

आता आमच्या गावांत काम कसे चालते ते सांगते. बैठकीत मी पाच गोष्टी सांगते, आणि त्यांचा क्रम कधी बदलत नाही.

पहिली, रात्री सगळे जाळीत. आधी गरोदर बाई आणि लहान मुले. जाळी धुतली तर सावलीत वाळवायची, उन्हात घातली की औषधाचा गुण जातो. साधारण वीस धुण्यांपर्यंत, म्हणजे तीनेक वर्षे तिचा गुण टिकतो. फाटली तर शिवायची. मासे धरायला न्यायची नाही. हे म्हणताना मी त्या मुलाची गोष्ट सांगते, त्याच्या आईवडिलांच्या परवानगीने आणि नाव न घेता. माझ्या चुकीसकट सांगते.

दुसरी, ताप आला की त्याच दिवशी आशाताईकडे. पुजाऱ्याकडे जायचे असेल तर जा, त्यावरून मी भांडत नाही, पण आधी बोटाची तपासणी. कित्येक पुजारी आता आपणहून आशाताईकडे पाठवतात.

तिसरी, गोळ्या पूर्ण. व्हायव्हॅक्स मलेरियात पूर्ण उपचार चौदा दिवसांचा असतो. तीन दिवसांत ताप उतरला म्हणून गोळ्या सोडल्या तर यकृतात लपलेला जंतू काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा उठतो.

चौथी, आठवड्यातून एक दिवस कोरडा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. दर आठवड्याला भांडी, रांजण, टाक्या रिकाम्या करून घासल्या तर त्या पाण्यातली पिढी डास होण्याआधीच संपते.

आणि पाचवी, संध्याकाळी अंगणात आणि मचाणावर तेल. अंगभर कपडे घालायचे, हातापायांना करंजाचे किंवा कडुनिंबाचे तेल लावायचे, आणि दोन-तीन तासांनी पुन्हा लावायचे.

तेल पाचव्या जागी आहे. मी पूर्वी ते पहिल्या जागी ठेवले होते. औषध तेच होते, क्रम चुकला होता.

या ठिकाणी मला हिज्किया राजा आठवतो. दुसऱ्या राजे पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात त्याची कथा आहे. तो मरणाच्या दारात होता. त्याने भिंतीकडे तोंड करून रडून प्रार्थना केली. देवाने ती ऐकली आणि यशया संदेष्ट्याकरवी त्याला आयुष्याचे वचन दिले. पण कथा तिथे संपत नाही. यशयाने अंजिरांचा लेप आणायला सांगितला, तो गळवावर बांधला आणि राजा बरा झाला. देवाने वचन दिले होते, तरी लेप लावला गेला. आणि लेप लावला म्हणून कोणी वचन विसरले नाही. मी धर्मशिक्षण घेताना हा अध्याय शिकले होते, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले होते. त्याचा अर्थ मात्र मला दवाखान्याच्या त्या वऱ्हांड्यात कळला. प्रार्थना करणाऱ्याने लेप नाकारू नये, आणि लेप कोणत्या गळवावर बांधायचा हे नीट पाहून घ्यावे.

यहेज्केलाच्या दर्शनातही मंदिरातून निघालेल्या नदीकाठची झाडे आहेत आणि त्यांची पाने औषधी आहेत. नाल्याकाठचा करंज पाहिला की मला ते दर्शन आठवते. पण ज्या देवाने ते पान दिले, त्याने खरेपणाची आज्ञाही दिली आहे. पानाबद्दल त्यात आहे त्यापेक्षा जास्त सांगणे, हीदेखील खोटी साक्षच आहे.

आता तुमच्या घरांबद्दल दोन शब्द. तुम्ही आमच्यासाठी प्रार्थना करता, पण डेंग्यू तुमच्या दारात आहे. त्याचा डास तुमच्या कुंडीखालच्या बशीत, कूलरमध्ये, गच्चीवरच्या जुन्या टायरमध्ये, फ्रिजच्या मागच्या तबकात वाढतो. त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला कित्येक महिने तग धरतात, म्हणून नुसते पाणी ओतून चालत नाही, कडा घासावी लागते. इथे कडुनिंबाची गरज नाही, करंजाचीही नाही. काथ्या आणि आठवड्यातली दहा मिनिटे एवढे पुरे. उपासनेनंतर तरुण संघाने रविवारी मंडळीच्या आवारात एक फेरी मारली तर तीही सेवाच होईल.

शेवटी, आपल्या भगिनींच्या पत्राचे उत्तर.

आई, तुमचे पैसे आम्ही पुढेही मच्छरदाण्यांसाठीच वापरू. सरकारी वाटपात जी घरे सुटतात, ज्यांची जाळी फाटली आहे, जी कुटुंबे तेंदूपानांच्या दिवसांत बाहेर राहतात, त्यांच्यासाठी त्या लागतात. पण तुमचा प्रश्न आम्ही टाकून दिलेला नाही. यंदा दोन गावांतल्या महिला बचत गटांना करंजाच्या बिया गोळा करून तेल काढण्यासाठी हाताने चालवायचा एकेक घाणा द्यायचा विचार आहे. ते तेल त्या स्वतःच्या वापरासाठी काढतील. 'डास पळवणारे औषध' अशी चिठ्ठी लावून आम्ही ते कोणाला विकणार नाही, कारण तशी हमी आम्हाला देता येत नाही. आणि घाणा त्याच गावाला मिळेल जिथे प्रत्येक घरात जाळी टांगलेली आहे. हा नियम मी घातलेला नाही. तो त्या आजीने सुचवला आणि बायकांनी उचलून धरला.

प्रभूच्या लोकांनो, २०३० पर्यंत भारत मलेरियामुक्त करण्याचे उद्दिष्ट देशाने ठेवले आहे. ते गाठायचे असेल तर शेवटचे काम अशाच गावांत व्हायचे आहे, जिथे पावसाळ्यात रस्ता तुटतो. तुमचे अर्पण तिथपर्यंत पोचते. तुमची प्रार्थना नाला ओलांडून जाते. आणखी एक गोष्ट तुमच्याकडे मागते. आम्ही तुम्हाला जे सांगतो, ते तपासून पाहा आणि प्रश्न विचारत राहा. त्या भगिनींनी विचारला नसता तर मी आज ही कबुली दिली नसती.

आपण प्रार्थना करू या.

हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, तू झाडे दिलीस आणि ती ओळखण्याची बुद्धी दिलीस, याबद्दल आम्ही तुझी उपकारस्तुती करतो. आज रात्री मचाणावर बसलेल्या बापलेकांना, जाळीत झोपलेल्या लेकरांना, पुराच्या पलीकडे तापाने फणफणलेल्या प्रत्येकाला तू सांभाळ. आशाताई, परिचारिका आणि डॉक्टर यांच्या हातांना बळ दे. आम्ही जे बोलू ते खरे असू दे, आणि आमच्या चुकांनी कोणाच्या घरात अंधार होऊ देऊ नकोस. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.